शुगरमधला 'श' कुठून आला?

'शुगर' हा इंग्रजी शब्द मुळात आपल्या 'शर्करे'चा, हे खरं आहे. पण त्याचा पुरावा म्हणून दोन्हींतला 'श' पुढे केला जातो, तो मात्र खोटा साक्षीदार.

तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला, तेव्हा त्यात 'स' होता. पुढे इंग्रजांच्याच तोंडी 'स्यु'चा 'शु' झाला, जसा तो 'शुअर'मध्येही झाला. संस्कृतातला 'श' त्याआधीच वाटेत गळला होता: शर्करा, मग फारसी शकर, मग अरबी सुक्कर. स्पॅनिशमधलं 'असुकार' तर सुरुवातीचा 'अ' धरून ठेवतं, तो अरबी उपपदाचा अवशेष.

शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, रेव. उसाचा रस आटवून दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात साधली आणि त्या दाण्यांना हे नाव मिळालं. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या प्रकरणात येणारी 'शर्करा' रेवेच्या अर्थाचीच आहे, तिचा गोडाशी संबंध नाही.

ग्रीकांची गोष्ट जास्त रंगतदार. पहिल्या शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस 'साक्खारोन'बद्दल लिहितो: भारतातल्या बोरूंमध्ये मिळणारा, घट्ट झालेला, मिठासारखा दाताखाली फुटणारा एक मध. या शब्दात 'र्क' नाही, 'क्ख' आहे; आणि पालीत 'सक्खरा' आहे. म्हणजे ग्रीकांपर्यंत पोचली ती पंडितांची शर्करा नव्हे, बोलीतली साखर. आपली 'साखर'ही त्याच घराण्यातली. जोडाक्षर सुटलं, आधीचा स्वर लांबला ('सत्त'चा 'सात' झाला तसा) आणि 'ख' टिकला. ग्रीक रूप लॅटिन पोथ्यांमधून पुढे गेलं. १८७९ मध्ये प्रयोगशाळेत एक अतिगोड रसायन सापडलं, त्यात साखर औषधालाही नव्हती, तरी नाव पडलं 'सॅकरिन'.

तिसरी वाट समुद्राची. मलबारात पोर्तुगीजांनी 'चक्करा' हा मल्याळम शब्द उचलला. तोही शर्करेचाच वंशज. त्याचं त्यांनी 'जागरा' केलं आणि इंग्रजीत त्याची 'जॅगरी' झाली. त्यामुळे हल्ली 'नो शुगर, ओन्ली जॅगरी' छापलेली पाकिटं दिसतात, त्यांवर एकाच शब्दाला एकदा हाकललेलं असतं आणि एकदा मिरवलेलं.

'कँडी' तेवढी या कुळातली नाही. ती संस्कृत 'खंड'वरून, म्हणजे आपल्या खांडेच्या घरातून, फारसी-अरबीमार्गे गेली.