बलवर्धक व्यायाम आणि स्नायूंतील ग्लायकोजेन

बलवर्धक व्यायाम आणि स्नायूंतील ग्लायकोजेन : वजने उचलणे, दंड, बैठका, मुद्गल फिरवणे अशा प्रतिकाराच्या व्यायामात स्नायुपेशींत साठलेले ग्लायकोजेन (शरीरात साठवलेल्या साखरेचे रूप) खर्ची पडते. हा साठा किती उतरतो आणि तो भरण्यासाठी किती कर्बोदके लागतात, याविषयी ही नोंद आहे. ग्रामीण विदर्भात हा प्रश्न आखाड्यात, तालुक्याच्या जिममध्ये आणि शेतीच्या अंगमेहनतीतही येतो.

ग्लायकोजेनच्या शोधाचे श्रेय सामान्यतः फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांना देतात व त्यासाठी 1857 हे वर्ष धरतात. त्याच सुमारास जर्मनीत व्हिक्टर हेन्झेन यांनीही हा पदार्थ यकृतातून स्वतंत्रपणे वेगळा केला होता. मात्र यकृतात साखर तयार होते हा विचार बेर्नार यांनी जवळजवळ दशकभर आधीच मांडला असल्याने त्यांना दिलेला अग्रमान योग्यच वाटतो. ग्लायकोजेनच्या विघटनाच्या कार्याबद्दल कार्ल व गर्टी कोरी यांना 1947 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जिवंत माणसाच्या स्नायूतील साठा मोजणे सुकर झाले ते स्नायूचा बारीक तुकडा काढणाऱ्या, स्वीडनच्या योनास बर्गस्ट्रॉम यांच्या सुईमुळे (1962). बर्गस्ट्रॉम व एरिक हुल्टमन यांनी 1966 मध्ये एकाच पायाला सायकलीवर थकवले आणि नंतर कर्बोदकयुक्त आहार दिला. राबलेल्या पायातील साठा पूर्वीपेक्षा कितीतरी वर गेला, तर विसावलेल्या पायात फारसा फरक पडला नाही. पुढचे बहुतेक संशोधन याच प्रयोगावर उभे आहे.

प्रौढ माणसाच्या स्नायूंत मिळून साधारण 300 ते 500 ग्रॅम, तर यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन असते. जड वजनाच्या पहिल्या काही सेकंदांत फॉस्फोक्रिएटीन हे स्नायूतील तयार इंधन ऊर्जा पुरवते. फेरी (न थांबता केलेल्या आवर्तनांचा एक संच) लांबली की फॉस्फोरिलेज हे विकर ग्लायकोजेन तोडू लागते. ज्यांच्या स्नायूंत हे विकर जन्मतःच नसते, त्यांना जोराचे काम करताच पेटके येतात (मॅकआर्डल विकार, 1951). यकृताप्रमाणे स्नायूला आपली साखर रक्तात सोडता येत नाही, त्यामुळे दंडातील साठा मांडीच्या कामी येत नाही.

एका बलवर्धक सत्रात राबलेल्या स्नायूतील ग्लायकोजेन साधारण 24 ते 40 टक्क्यांनी उतरते, असे बहुतेक मोजमापांत आढळते. 1986 च्या एका अभ्यासात शरीरसौष्ठवपटूंच्या मांडीत सुमारे अर्ध्या तासाच्या जड व्यायामानंतर 26 टक्के घट दिसली. 1999 मध्ये बाहूच्या स्नायूवर मोजले असता एका थकवणाऱ्या फेरीने सुमारे 13 टक्के, तर तीन फेऱ्यांनी सुमारे 25 टक्के घट झाली. 1991 चा एक प्रयोग अधिक उद्बोधक आहे. कमाल वजनाच्या 70 टक्के आणि 35 टक्के अशा दोन भारांवर एकूण काम सारखे ठेवले, तेव्हा एकूण घटही जवळजवळ सारखीच, 40 टक्क्यांच्या आसपास, आली. जड भारावर ती झाली मात्र दुपटीच्या वेगाने. हलक्या भाराच्या शेकडो बैठका मारणाऱ्या आखाड्यातील पहिलवानाला हा निष्कर्ष लागू पडण्यास हरकत दिसत नाही.

मतभेद आहे तो या घटीच्या अर्थाविषयी. साठ टक्के साठा शिल्लक असताना ताकद का घटावी, असा एका पक्षाचा सवाल असतो. दुसऱ्या पक्षाच्या मते सरासरी फसवी आहे, कारण जलद आकुंचन पावणारे तंतू हळू तंतूंपेक्षा अधिक रिते होतात. शिवाय तंतूच्या आतही साठा तीन ठिकाणी विभागलेला असतो. त्यांपैकी आकुंचन करणाऱ्या सूत्रकांच्या आतला साठा उतरल्यास आकुंचनासाठी लागणारे कॅल्शियम मुक्त होण्यात अडथळा येतो. दुसरा पक्ष यंत्रणा अधिक नीट समजावतो. व्यवहारात मात्र पहिल्याचे पारडे जड दिसते. 2022 च्या एका पद्धतशीर आढाव्यानुसार पोटात अन्न असताना एका स्नायुगटाच्या दहापर्यंत फेऱ्यांच्या सत्रात जादा कर्बोदकांचा लाभ क्वचितच होतो.

बलवर्धक खेळाडूंसाठी बहुधा दररोज शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे 4 ते 7 ग्रॅम कर्बोदके सुचवली जातात. आठवड्यातून तीनदा तासभर व्यायाम करणाऱ्यास 3 ते 5 ग्रॅम पुरावीत. 60 किलोच्या तरुणाला 4 ग्रॅमच्या हिशेबाने 240 ग्रॅम लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात 65 ते 70 ग्रॅम कर्बोदके असतात. तेव्हा तेवढ्या पिठाच्या एक याप्रमाणे तीन भाकरी आणि थोडा वरणभात यांत हा हिशेब बसतो. पश्चिम विदर्भात भाकर आणि कण्या, झाडीपट्टीत भात, आणि रेशनमुळे सर्वत्र गहू-तांदूळ असा आहार असल्याने येथे कर्बोदकांची चणचण सहसा नसते. प्रथिनांकडे मात्र लक्ष द्यावे लागते. पहिलवानी खुराकातील तूप आणि बदाम ऊर्जा देतात, पण ग्लायकोजेन त्यांनी भरत नाही.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना 1914) देशी व्यायामाला शिक्षणक्रमात आणले आणि 1936 मध्ये बर्लिनला त्याची प्रात्यक्षिके दाखवली. त्या परंपरेतील जोर-बैठका बहुधा पहाटे होतात. दिवसभर डवरणी, पाठीवरच्या पंपाने फवारणी किंवा सोयाबीनचे कट्टे वाहणे असेल, तर गरज जिमच्या तक्त्यावरून नव्हे, दिवसाच्या एकूण कामावरून धरावी. अशा वेळी वरची, 7 ग्रॅमची मर्यादाही रास्त ठरते. 45° से.च्या उन्हाळ्यात दीर्घ श्रमात ग्लायकोजेनचा खर्च आणखी वाढतो.

पुन्हा भरण्याची घाई दिवसातून दोनदा सराव करणाऱ्यालाच असते. त्याने पहिले काही तास ताशी प्रतिकिलो सुमारे 1 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. इतरांचा साठा नेहमीच्या जेवणाने साधारण दिवसभरात भरतो. खूप दिवसांनी बैठका मारून मांड्या दुखावल्यास भरणी मंदावते. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने फराळी उपवासात साठा रिता होण्याचे कारण नाही. रात्रभराच्या उपाशीपोटीही मुख्यतः यकृतातील ग्लायकोजेन उतरते, विसावलेल्या स्नायूंतील जवळपास तसेच राहते.