कपाळावर नागीण आलीय? आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग आमचं मेडिकल

काउंटरवर लोक येतात आणि म्हणतात, नागिणीवर एखादं मलम द्या. कपाळ, पापणी किंवा नाकावर फोड असतील तर आम्ही मलम देतच नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणतो. राग मानू नका.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्याचा व्हायरस नसांच्या मुळाशी झोपून राहतो, मग वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की जागा होतो आणि एकाच नसेच्या वाटेनं बाहेर येतो, म्हणून तर फोड कपाळाच्या मधोमध रेघ मारल्यासारखे थांबतात. नागिणीचा अंगाभोवती वेढा पूर्ण झाला की माणूस जातो म्हणतात ते अजिबात खरं नाही. पण कपाळाची नस आणि डोळ्याची नस एकच, ही काळजीची गोष्ट. त्यातून नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका जास्त, कारण तिथं जाणारी फांदीच डोळ्यातही जाते. फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं अर्धं डोकं ठणकतं, कातडी जळजळते, लोकांना वाटतं अर्धशिशी आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक काका आले, कपाळभर गेरू फासलेला, पापणी सुजून डोळा पार मिटलेला, सहावा दिवस होता. व्हायरसवरच्या गोळ्या फोड आल्यापासून 72 तासांच्या आत चालू झालेल्या सगळ्यात बऱ्या, पण उशीर झाला म्हणून घरी बसू नका, काकांनाही डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्याच.

बहुतेकदा ही गोळी असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, 7 ते 10 दिवस असते. पाच म्हणजे पाच! सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10 असा मोबाईलला अलार्म लावा, बरेच जण सकाळ-दुपार-संध्याकाळ घेतात आणि म्हणतात गुण नाही आला. जमणार नसेल तर डॉक्टरांना व्हॅलासायक्लोव्हिरचं विचारा, ती तीनदाच असते, थोडी महाग पडते. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, डोस बदलतो. पाणी भरपूर प्या, खपल्या धरल्या तरी कोर्स अर्धवट सोडू नका.

आणि घरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले ड्रॉप्स असतात ना, ते कृपा करून घालू नका, त्यात स्टिरॉइड असतं, डॉक्टरांनी डोळा न तपासता घातलं तर नुकसान होऊ शकतं. डॉक्टरांनी स्वतः दिलं असेल तर मात्र मनानं बंदही करू नका.

खपल्या धरेपर्यंत गरोदर बाई आणि तान्ह्या बाळापासून लांब राहा, त्यांना कांजिण्या होऊ शकतात. फोड गेल्यावरही महिनोन् महिने ठणका राहिला तर साधी पेनकिलर मागू नका, त्याच्या वेगळ्या गोळ्या असतात, डॉक्टरांना सांगा.

पन्नाशीनंतर नागिणीची लस घेता येते, दोन डोस, मध्ये 2 ते 6 महिने. महाग आहे, पण घरात शुगरवाले आईवडील असतील तर डॉक्टरांना जरूर विचारा.

चिठ्ठी घेऊन आलात की प्रत्येक बाटलीवर आम्ही मोठ्या अक्षरात वेळ लिहून देतो, एका डोळ्यानं वाचता येईल एवढ्या मोठ्या.