मोठेपणी तिरळेपणाची शस्त्रक्रिया: हिशोब मिलिमीटरचा आणि बिलाचा

तिरळ्या डोळ्याच्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. लहानपणी घरातलं कुणी म्हणतं, 'राहू द्या, भाग्याची खूण आहे.' तिशी उलटली की कुणी सांगतं, 'वय निघून गेलं, आता काही होत नाही.' दोन्ही चुकीचं आहे. मोठ्या माणसाचा तिरळा डोळा सरळ करता येतो, साठीनंतरही करता येतो, आणि नागपूरकराला त्यासाठी मुंबई-हैदराबादची गाडी पकडावी लागतेच असं नाही.

'वय निघून गेलं' या समजाला एका खऱ्या गोष्टीचा आधार आहे, म्हणून तो इतका चिवट आहे. लहानपणी एक डोळा वाकडा राहिला की मेंदूकडे दोन वेगळी चित्रं पोचतात. गोंधळ टाळायला मेंदू त्यातलं एक चित्र घेणंच सोडून देतो आणि तो डोळा 'आळशी' होतो. मेंदूतली ही जडणघडण आयुष्याच्या सुरुवातीच्या काळातच पक्की होते, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. १९८१च्या नोबेल पुरस्कारात दोघांचा वाटा होता. त्यामुळे आळशी डोळ्याची नजर मोठेपणी शस्त्रक्रियेने वाढत नाही, हे खरं. पण नजर वेगळी आणि डोळ्याची दिशा वेगळी. दिशा स्नायूंवर ठरते, आणि स्नायू कोणत्याही वयात मागेपुढे करता येतात. शिवाय काही मोठ्या माणसांत दोन्ही डोळे मिळून पाहण्याची क्षमताही बऱ्यापैकी परत येते. आत वळलेला डोळा सरळ झाला की बाजूचं दिसण्याचा पट्टा रुंदावतो. वर्धा रोडच्या गर्दीतून दुचाकी काढणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवेल.

त्यामुळे 'हे फक्त दिसण्यासाठी' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आणि समजा, दिसण्यासाठीच असलं तरी काय बिघडलं? बोलताना समोरच्याने मागे वळून 'कुणाशी बोलताय?' असं बघणं, फोटोत कायम मान खाली घालणं, लग्नाच्या बोलणीत डोळ्यांवरून नकार येणं हे ज्यांनी सोसलंय त्यांना त्याचं वजन माहीत आहे. निमलष्करी दलांच्या भरतीत तर तिरळेपणा वैद्यकीय अपात्रतेच्या यादीतच आहे. विदर्भातली किती मुलं पहाटे मैदानावर धावतात ते आठवलं की याचा अर्थ कळतो.

सगळेच तिरळे डोळे लहानपणापासूनचे नसतात. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू असतात आणि त्यांना तीन मज्जातंतू चालवतात. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे यातला एखादा तंतू अचानक निकामी होतो. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला की असंच होऊ शकतं. थायरॉइडच्या आजारात स्नायू सुजून ताठर होतात. मोठेपणी असा डोळा अचानक फिरला तर एकाची दोन माणसं दिसू लागतात, कारण तयार झालेला मेंदू आता कुठलंच चित्र सोडायला राजी नसतो. अशा वेळी शस्त्रक्रियेची चौकशी नंतर. आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. अचानक दुहेरी दिसणं, सोबत पापणी पडणं, तीव्र डोकेदुखी किंवा हातापायांत कमजोरी, ही मेंदूतल्या आजाराची खूण असू शकते. मधुमेहामुळे बसलेला तंतू बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांत आपोआप सुधारतो, म्हणून तेवढा काळ थांबतात. तोवर एक डोळा झाकतात, नाहीतर चष्म्याच्या काचेवर प्रिझमची, म्हणजे प्रकाश वळवणारी, पातळ पट्टी चिकटवून देतात. कधी बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात. सुरकुत्यांमुळे गाजलेलं हे औषध अॅलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने मुळात तिरळ्या डोळ्यांसाठी वापरात आणलं होतं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मंजुरी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी.

आता खरं काम. नेत्रतज्ज्ञांपैकी अनेकांचा दिवस मोतीबिंदूत जातो. तिरळेपणाची शस्त्रक्रिया करणारे बहुतेक वेळा लहान मुलांच्या डोळ्यांचेही डॉक्टर असतात. त्यामुळे धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यात पंचेचाळिशीतल्या माणसाला भिंतीवरच्या कार्टूनसमोर, खेळण्यांच्या टोपलीशेजारी नंबर लावून बसावं लागलं तर संकोच करू नये. तो योग्य ठिकाणी आलाय. 'तुम्ही वर्षाला मोठ्या माणसांच्या अशा किती शस्त्रक्रिया करता?' हा प्रश्न सरळ विचारावा. चांगला सर्जन त्याने दुखावत नाही.

पहिल्या भेटीला जुने फोटो न्यावेत. दहावीच्या ओळखपत्रावरचा, लग्नातला, कडेवरच्या वयातला. त्यात मान कायम एकाच बाजूला कललेली असेल तर डॉक्टरांना अंदाज येतो की चौथ्या मज्जातंतूची (डोळा चालवणाऱ्या त्या तिघांपैकी एकाची; क्रमांक मेंदूतून निघणाऱ्या तंतूंचा) कमजोरी जन्मापासूनची असावी. मग महागड्या तपासण्यांची गरज कमी होऊ शकते.

त्यानंतरची मोजणी हाच या उपचाराचा कणा आहे, आणि तिला वेळ लागतो. खोलीच्या टोकाच्या अक्षराकडे बघायला सांगतात. एक डोळा झाकतात, उघडतात, दुसरा झाकतात. झाकण सरकताच उघडा पडलेला डोळा अक्षर पकडायला किंचित उडी मारतो. त्या डोळ्यासमोर प्रिझमच्या काचा एकेक करून वाढवत नेतात, उडी थांबेपर्यंत. ज्या काचेला उडी थांबली तो त्या डोळ्याचा आकडा. हा आकडा प्रिझम डायॉप्टरमध्ये सांगतात: एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे प्रकाशाचं एक मीटर अंतरावर एक सेंटिमीटर सरकणं. हीच मोजणी दूरचं बघताना, जवळचं बघताना, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना नजर नेऊन पुन्हा करतात. लाल-हिरव्या काचांचा चष्मा लावून समोरचे चार दिवे मोजायला लावतात: चार दिसले तर दोन्ही डोळे मिळून काम करताहेत, पाच दिसले तर दुहेरी दिसतंय, दोन किंवा तीनच दिसले तर मेंदूने एक डोळा बाजूला टाकलाय. प्रिझमनेच डोळा तात्पुरता 'सरळ' करून नंतर दुहेरी दिसेल का याचाही अंदाज घेतात. हे सगळं दहा मिनिटांत उरकून कुणी तारीख देत असेल तर दुसरीकडे दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून आकडा तोच येतो का, हे पाहणंही रास्तच.

एवढी काटेकोर मोजणी का, ते आकड्यांतून कळतं. आत वळलेल्या डोळ्यांसाठी प्रचलित तक्ता सांगतो की दोन्ही डोळ्यांचे नाकाकडचे स्नायू ४ मिलिमीटर मागे नेले तर साधारण २५ डायॉप्टरची दुरुस्ती होते, ५ मिलिमीटर नेले तर ३५ची. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला पाच डायॉप्टर.

शस्त्रक्रियेत डोळा बाहेर काढत नाहीत. ही भीती इतक्यांना असते की आधीच सांगून टाकलेलं बरं. लेझरही वापरत नाहीत. डोळ्यावरचा पातळ पारदर्शक पडदा थोडा उघडतात, बारीक हुकने स्नायू उचलतात, त्यात विरघळणारा धागा ओवतात, स्नायू सोडवून मोजलेल्या अंतरावर मागे शिवतात. तो सैल पडतो. समोरच्या स्नायूचा तुकडा कापून तो आखूड केला की तो घट्ट होतो. टाका पांढऱ्या कवचाच्या अर्ध्या जाडीतूनच जायला हवा, आणि स्नायू चिकटतो तिथे हे कवच जेमतेम ०.३ मिलिमीटर जाड असतं. स्नायू ओढला जाताच काही जणांची हृदयगती एकदम मंदावते, मॉनिटरची टिकटिक लांबते. सर्जन हात थांबवतो, भूलतज्ज्ञ गरज पडल्यास अॅट्रोपीन देतो, ठोके पूर्ववत होतात. बिलात भूलतज्ज्ञाची वेगळी फी दिसली की हा प्रसंग आठवावा. बर्लिनमध्ये योहान डीफेनबाख यांनी १८३९ साली एका मुलाच्या डोळ्याचा स्नायू कापून ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली, तेव्हा भूल नावाची गोष्टच हाताशी नव्हती.

मोठ्यांसाठी एक सोय आहे जी लहान मुलांत सहसा वापरता येत नाही. शेवटची गाठ सरकती ठेवतात. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला बसवून, डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून, समोर बघायला लावून गाठ सैल-घट्ट करून पक्की करतात. प्रत्येकाला याची गरज नसते. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि थायरॉइडच्या रुग्णांना याचा विशेष उपयोग होतो.

खासगी दवाखान्यात खर्च साधारण तीस हजारांपासून सुरू होतो आणि लाखाच्या आसपासही जाऊ शकतो. फरक पडतो तो स्नायूंच्या संख्येने, एका की दोन्ही डोळ्यांवर काम आहे याने, पूर्ण भूल की डोळ्यापुरती भूल याने, आणि ही पहिली वेळ आहे की जुने व्रण सोडवायचे आहेत याने. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, धागे-औषधं, दिवसभराची खोली हे बहुधा पॅकेजमध्ये असतं. रक्ततपासण्या, ईसीजी, लागलाच तर एमआरआय आणि नंतरचा चष्मा बहुधा बाहेर. लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात एक ओळ नक्की मागा: दुसऱ्यांदा करावी लागली तर किती? साधारण पाचातल्या एकाला पुढे केव्हातरी पुन्हा शस्त्रक्रिया लागते, त्यामुळे हा प्रश्न अपशकुनी नाही, व्यवहाराचा आहे. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून येणाऱ्यांनी राहण्याचा आणि फेरतपासणीच्या फेऱ्यांचा खर्चही धरावा. खिसा आखडता असेल तर नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स हे पर्याय आधी बघावेत.

विमा कंपन्या अनेकदा 'सौंदर्योपचार' म्हणून दावा नाकारतात. सौंदर्योपचार पॉलिसीतून वगळलेले असतातच, म्हणून सर्जनच्या पत्रात काय लिहिलंय याला महत्त्व येतं. दुहेरी दिसणं, मान तिरकी ठेवावी लागणं, प्रिझमचे आकडे, आजाराचं कारण हे सगळं पत्रात असू द्या आणि कॅशलेसची मंजुरी आधीच मागा. जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिने असतो; तो संपलाय का तेही पाहून ठेवा.

बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. डोळा दोन-तीन आठवडे लालबुंद राहतो, धागा टोचतो, काही दिवस दुहेरीही दिसू शकतं आणि तोवर गाडी चालवायची नाही. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत काम सुरू करता येतं. उन्हाळ्यात करू नये असं काही नाही, पण घरी कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, आणि बाहेर पडताना धुळीपासून डोळे झाका. पोहणं काही आठवडे बंद. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, दिसणं अंधूक झालं, पू आला किंवा सरळ झालेला डोळा अचानक बाहेर फिरला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. धागे विरघळायला सहा ते दहा आठवडे लागतात, आणि डोळा कुठे स्थिरावला हे डॉक्टर साधारण दोन महिन्यांनी ठरवतात. स्नायू हलवल्याने चष्म्याचा नंबरही किंचित बदलू शकतो, म्हणून नवी काच त्यानंतरच करायला टाकावी.