उपाशीपोटी व्यायाम

रात्रीच्या जेवणानंतर सुमारे १० ते १२ तास काही न खाता सकाळी अनशेपोटी केलेला व्यायाम. त्याने चरबी अधिक जळते, ही समजूत ठाण्यात तलावपाळी व कचराळी तलावाभोवती, तसेच नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या पदपथावर पहाटे फिरणाऱ्यांत चांगलीच रुजलेली आहे. व्यायामाच्या तासापुरती ती खरी आहे. त्यामुळे अंगावरची चरबीही अधिक उतरते, हे मात्र प्रयोगांतून सिद्ध झालेले नाही.

पूर्वपीठिका : भोजन व व्यायाम यांच्या क्रमाचा विचार आयुर्वेदात आहे, पण तो पचनाच्या अंगाने केलेला आहे. सुश्रुतसंहितेत नुकतेच जेवलेल्याला व्यायाम वर्ज्य सांगितला आहे; जेवणाचा जडपणा ओसरेपर्यंत राजासारखे बसावे आणि मग शंभर पावले चालून डाव्या कुशीवर पडावे, असे तिच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. संहितेचा काळ वादग्रस्त असून तिचा उपलब्ध पाठ इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाला असावा, असे सामान्यतः मानतात. शतपावलीचे मूळ बहुधा येथेच असावे. आज तिच्यातला बसण्याचा भाग गळला आहे आणि पावलेही कोणी मोजत नाही. वाग्भटाचे अष्टांगहृदय (सुमारे सातवे शतक) व्यायामाच्या फलांत मेदाचा क्षय स्पष्टपणे गणते, परंतु तो उपाशीपोटाशी जोडत नाही. उलट अर्ध्या शक्तीने करावयाचा हा व्यायाम तेथे बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांना सांगितला आहे. त्यामुळे प्रस्तुत समजुतीचे मूळ आयुर्वेदात शोधण्यापेक्षा आधुनिक शरीरक्रियाविज्ञानात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्नायूंचे इंधन कोणते, याविषयी यूरोपात वाद होता. चरबीचे आधी साखरेत रूपांतर झाल्याशिवाय स्नायू ती वापरू शकत नाही, असे फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्यूस्त शोव्हो यांचे मत होते. जर्मन शास्त्रज्ञ नाथान त्सुंट्स यांना ते मान्य नव्हते. कोपनहेगनमध्ये आउगुस्ट क्रोग व योहानेस लिंडहार्ड यांनी काही जणांना आधी मेदयुक्त किंवा पिष्टमय आहारावर ठेवून बंद कोठीतल्या जागच्या सायकलवर पायडल मारायला लावले, आणि त्यांच्या श्वासातील वायू मोजून १९२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड व वापरलेला ऑक्सिजन यांचे गुणोत्तर, म्हणजे श्वसन गुणांक, केवळ चरबी जळताना सुमारे ०.७ व केवळ कर्बोदके जळताना १ असतो. आधीच्या आहाराप्रमाणे इंधनाचे मिश्रण बदलते आणि चरबीवर काम करताना ऊर्जेचा खर्च सुमारे एक दशांशाने वाढतो, असे त्यांना आढळले. शोव्हो यांचे म्हणणे बरोबर असते, तर चरबीची साखर करण्यातच ऊर्जा खर्च होऊन ही वाढ याहून बरीच मोठी दिसायला हवी होती.

यंत्रणा : पोहे, पोळी किंवा साखर पोटात गेली की रक्तातील इन्सुलिन वाढते आणि मेदपेशींतून मेदाम्ले (चरबीचे जळणारे घटक) सुटण्याचे प्रमाण घटते. रात्रभराच्या उपासाने इन्सुलिन खाली आलेले आणि यकृतातील ग्लायकोजेनही (साखरेचा साठा) घटलेले असल्याने सकाळी स्नायू मेदाम्लांकडे अधिक वळतात. चालण्याचा वेग वाढवून धाप लागेपर्यंत गेल्यास ओढा पुन्हा कर्बोदकांकडे जातो. घरून साखरेचा चहा आणि दोन बिस्किटे घेऊन निघालेला माणूस काटेकोर अर्थाने उपाशीपोटी नसतो. ठाण्याला लोकलने रात्री नऊला उतरून साडेदहाला जेवणारा आणि पहाटे साडेपाचला तलावपाळीवर येणाराही जेमतेम सात तासांचाच उपाशी असतो.

परिणाम : सुमारे ७० किलो वजनाच्या व्यक्तीचे तासभराच्या झपाझप चालण्यात साधारण ३०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांतील चरबीचा वाटा खाऊन चालल्यास निम्मा व उपाशीपोटी दोन तृतीयांश धरला, तर फरक पाच-सहा ग्रॅमचा, म्हणजे फोडणीतल्या चमचाभर तेलाएवढा पडतो. फेरीनंतर मामलेदार कचेरीजवळ मिसळ घेतल्यास तर्रीतच तो भरून निघतो. अमेरिकेत २० तरुणींवर झालेल्या चार आठवड्यांच्या प्रयोगात (२०१४) उपाशी व खाऊन व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांची चरबी जवळपास सारखीच उतरली. जपानमधील त्सुकुबा येथे मात्र दहा तरुणांच्या २४ तासांच्या मोजणीत (२०१५) न्याहारीपूर्वीच्या व्यायामानेच दिवसभराचे मेदज्वलन वाढलेले दिसले. हे प्रयोग वेगवेगळ्या गोष्टी मोजतात : जपानमधला दिवसभराचे ज्वलन, अमेरिकेतला महिन्याभरात अंगावर उरलेली चरबी. वजनाच्या प्रश्नाला अमेरिकेतला अधिक जवळचा आहे. ब्रिटनमध्ये ३० स्थूल व जादा वजनाच्या पुरुषांवरील सहा आठवड्यांच्या प्रयोगात (२०१९) न्याहारीपूर्वी व्यायाम करणाऱ्यांचे व्यायामातील मेदज्वलन सुमारे दुप्पट होते. वजनातील घट सारखीच राहिली, पण इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला.

जेवणानंतरच्या चालण्याचा लाभ रक्तशर्करेत दिसतो. न्यूझीलंडमध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवरील अभ्यासात (२०१६) दिवसातून एकदा ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने भोजनोत्तर शर्करा सरासरी १२ टक्क्यांनी, तर रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी कमी राहिली. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटीच्या व्यायामात एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी व खडीसाखर जवळ बाळगावी.