स्वप्नातल्या वाघाला विचारलेला प्रश्न

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं उमगणं म्हणजे सजग स्वप्न, ल्युसिड ड्रीम. हे इंग्रजी नाव रुळलं ते डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांच्या १९१३च्या निबंधामुळे. अनुभव मात्र फार जुना. ‘स्वप्ननिद्राज्ञानालम्बनं वा’ या सूत्रात पतंजली स्वप्नातल्या ज्ञानाला चित्त स्थिर करण्याचा एक आधार मानतात. तिबेटी परंपरेत बौद्ध सिद्ध नारोपा यांच्या सहा योगांमध्ये स्वप्नयोग येतो.

या स्वप्नांनी माणूस बदलतो का, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचा धागा एका फ्रेंच माणसापर्यंत जातो. एर्व्हे द सँ-दनी तेराव्या वर्षापासून स्वप्नांची वही लिहीत होते. १८६७मध्ये त्यांनी स्वप्नांना वळण देण्याच्या उपायांवर पुस्तक काढलं, तेही निनावी. त्यांना एक दुःस्वप्न वारंवार पडे : मागे भयंकर प्राणी लागलेत आणि हे एकामागून एक दारं उघडत पळताहेत. एकदा ते थांबले, भिंतीला पाठ टेकवली आणि पाठलाग करणाऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. बघता बघता तो राक्षस विरत गेला आणि सोंगाच्या जुनाट कपड्यांसारखा लोंबू लागला.

शंभरेक वर्षांनी जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल टोलाय यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. वडील वारल्यावर ते टोलाय यांच्या स्वप्नांत येत, धमकावत, अपमान करत. स्वप्न आहे हे कळल्यावर टोलाय त्यांना रागाने मारत आणि जिंकतही. पण वडील पुन्हा येत. मग एका रात्री वाघ मागे लागला. टोलाय सजग झाले, पाय रोवून उभे राहिले आणि विचारलं, ‘तू कोण?’ वाघ दचकला आणि त्याने वडिलांचं रूप घेतलं. या वेळी हाणामारी झाली नाही, बोलणं झालं. धमक्या टोलाय यांनी मानल्या नाहीत, पण काही टीका खरी आहे असं कबूल केलं आणि वागणं बदलायचं ठरवलं. वडील मवाळ झाले, दोघांनी हात मिळवले. त्यानंतर ते धमकावायला कधी आले नाहीत, आणि जागेपणीही आपल्याला मोकळं वाटू लागलं, असं टोलाय यांनी लिहून ठेवलं आहे. या सगळ्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो. जिंकून जे सुटलं नव्हतं, ते ऐकून घेतल्यावर सुटलं.

पण इतकं बोलायला स्वप्न टिकायला हवं. सजग झाल्याच्या आनंदातच जाग येते, हा नवख्यांचा नेहमीचा अनुभव. टोलाय यांच्या निरीक्षणानुसार एकाच स्थिर बिंदूवर नजर रोखली की स्वप्न मोडतं. म्हणजे नजर फिरती ठेवायची. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी आणखी उपाय शोधले : चित्र फिकं पडू लागलं की स्वप्नातल्याच शरीराने गरगर फिरायचं, किंवा तळहात एकमेकांवर चोळायचे. स्वप्नातल्या स्पर्शाने आणि हालचालीने लक्ष भरलेलं असलं, की अंथरुणातल्या शरीराची जाणीव वर यायला जागा उरत नाही, असं त्यामागचं स्पष्टीकरण.

हे सगळं खरंच झोपेत घडतं, हे पटवणंही सोपं नव्हतं. रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, अंगाचे बहुतेक स्नायू शिथिल असतात, डोळे मात्र हलतात. म्हणून डोळे ठरलेल्या पद्धतीने डावी-उजवीकडे फिरवून खूण करायची, अशी युक्ती निघाली. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी एप्रिल १९७५मध्ये ॲलन वर्स्ली यांच्या अशा खुणा नोंदवल्या. लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं आणि १९८१मध्ये प्रसिद्ध केलं.

मग उपचारांची पाळी आली. २००६मध्ये नेदरलँड्समध्ये दुःस्वप्नांनी त्रासलेल्या २३ जणांवर छोटी चाचणी झाली. सजग स्वप्नाचं तंत्र ज्यांना शिकवलं, त्यांची दुःस्वप्नं कमी झाली. आणि त्यासाठी प्रत्यक्ष सजग होणं गरजेचं ठरलं नाही.