घडी होणाऱ्या लेन्ससाठीची उपकरणे: निवड, वापर आणि निगा

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या, घडी होणाऱ्या कृत्रिम लेन्सच्या उपकरणांचे हे माहितीपत्रक आमच्याकडून उपकरणे घेणाऱ्या नेत्रशल्यविशारदांसाठी आहेच. परंतु ओटीतील (शस्त्रक्रियागृहातील) सिस्टर, तंत्रज्ञ आणि रुग्णालयाचे स्टोअर सांभाळणारे कर्मचारी यांनी ते आधी वाचावे, अशी आमची विनंती आहे. दुरुस्तीसाठी आलेले उपकरण आम्ही टेबलावर सुटे करतो, तेव्हा बहुतेक वेळा असे आढळते की बिघाड प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत झालेला नसतो. तो त्याआधी लेन्स भरताना किंवा त्यानंतर उपकरण धुताना झालेला असतो. किमती आणि आकृत्या वेगळ्या सूचीत दिल्या आहेत. कोणत्या लेन्सला कोणते उपकरण लागते आणि ते कसे टिकवावे, एवढेच येथे सांगितले आहे.

ब्रिटिश नेत्रशल्यविशारद हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती पीएमएमए या कडक प्लॅस्टिकची होती. कडक लेन्सची अडचण उघड आहे: लेन्सचा मधला गोल भाग, म्हणजे ऑप्टिक, ६ मिलिमीटरचा असेल तर छेदही जवळजवळ तेवढाच रुंद घ्यावा लागतो. अमेरिकन नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये फेको पद्धत (अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची) आणल्यावर मोतीबिंदू सुमारे ३ मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढता येऊ लागला, तरी आत लेन्स घालण्यासाठी तोच छेद पुन्हा मोठा करावा लागत असे. घडी होणाऱ्या लेन्समुळे ही अडचण दूर झाली, पण सारा भार उपकरणांवर आला. ६ मिलिमीटरची मऊ चकती २.२ ते २.८ मिलिमीटरच्या फटीतून, ओरखडा न उमटता आणि तिला डोळ्यात टेकवून ठेवणारे पाय न मोडता, आत सरकवायची आणि ती आत गेल्यावर सुलट बाजूने उघडली पाहिजे, एवढे काम आता उपकरणाला करावे लागते.

लेन्स कोणती, त्यावर उपकरण ठरते

आमच्याकडे चौकशी येते ती बहुधा 'एक चांगला इंजेक्टर द्या' अशी. इंजेक्टर म्हणजे दुमडलेली लेन्स नळीतून डोळ्यात ढकलणारे उपकरण. त्यावर आमचा पहिला प्रश्न असतो, तुम्ही लेन्स कोणती वापरता? सिलिकॉनची लेन्स आत जाताच झटकन उघडते. ती ओली झाली की चिमट्यातून निसटते, म्हणून चिमट्याने दुमडायची असल्यास कोरडी असतानाच दुमडावी लागते. हायड्रोफोबिक ॲक्रिलिकची लेन्स सावकाश उघडते आणि त्यामुळे डॉक्टरांना ती पिशवीत, म्हणजे डोळ्यातील मूळ लेन्सच्या आवरणात, नीट बसवायला उसंत मिळते, मात्र तिचा पृष्ठभाग चिकट असतो आणि चिमट्याचा वळ त्यावर चटकन उठतो. हायड्रोफिलिक ॲक्रिलिकची लेन्स द्रवात बुडवलेली येते, सहज दुमडते, परंतु प्लंजरचे, म्हणजे इंजेक्टरमधील ढकलणाऱ्या दांड्याचे, टोक तीक्ष्ण असेल तर ती फाटू शकते. म्हणून अशा लेन्ससाठी आम्ही धातूच्या दुबेळक्या टोकाचा प्लंजर सुचवत नाही; सिलिकॉनची मऊ गादी असलेला प्लंजर घ्यावा आणि ती गादी प्रत्येक रुग्णासाठी नवी वापरावी.

आता अनेक लेन्स कारखान्यातूनच इंजेक्टरमध्ये बसवून येतात. आपले रुग्णालय फक्त अशाच लेन्स वापरत असेल, तर आमचा इंजेक्टर घेऊन आपण पैसे अडकवू नयेत. एक लेन्स पकडण्याचा चिमटा आणि एक सायनस्की हुक (लेन्स डोळ्यात फिरवून जागेवर बसवण्याचा बारीक आकडा) एवढे आपल्याला पुरेल.

पुन्हा वापरता येणारे इंजेक्टर दोन प्रकारचे असतात. स्क्रूच्या इंजेक्टरला दोन्ही हात लागतात, पण लेन्स एकसारख्या वेगाने पुढे जाते. दाबाचा इंजेक्टर इंजेक्शनच्या सिरिंजसारखा एका हाताने चालतो, त्यामुळे दुसऱ्या हातातील उपकरणाने बाजूच्या छेदातून डोळा स्थिर धरता येतो. मात्र लेन्स नळीत अडकून एकदम सुटली तर ती उडी मारल्यासारखी आत जाते. ज्यांचा हात अजून बसायचा आहे त्यांनी स्क्रूपासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे, जरी दाबाच्या इंजेक्टरची विक्री अधिक असली तरी.

घडीच्या चिमट्यांची जोडी, म्हणजे एक दुमडणारा आणि एक दुमडलेली लेन्स आत नेणारा, आम्ही अजूनही बनवतो. तीन भागांच्या (ऑप्टिक आणि वेगळे जोडलेले दोन पाय अशा) लेन्ससाठी आणि इंजेक्टर ऐन वेळी बिघडला तर ती जवळ असावी. चिमट्याच्या पात्यांची जाडी लेन्सच्या घडीत मिळवावी लागत असल्याने छेद ३.२ मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक लागतो, हे मात्र आधीच ध्यानात ठेवावे.

२.२ या आकड्याचा अर्थ

कार्ट्रिजवर, म्हणजे लेन्स ज्यात भरतात त्या इंजेक्टरच्या पुढच्या नळीच्या भागावर, २.२ किंवा २.८ असे छापलेले असते, तो छेदाचा आकडा असतो, नळीच्या व्यासाचा नव्हे. छेद ही सपाट फट आहे आणि नळी गोल. फट उघडून गोल होते तेव्हा तिच्या दोन्ही कडा मिळून नळीचा परीघ बनतो. या हिशेबाने २.२ मिलिमीटरच्या फटीतून, ती न ताणता, सुमारे १.४ मिलिमीटर व्यासाची नळी जाते आणि २.८ च्या फटीतून सुमारे १.८ ची. त्याहून जाड नळी घुसवली तर छेदाच्या कडा ताणल्या जातात, कोपरे फाटतात आणि शस्त्रक्रियेच्या अखेरीस छेद आपोआप मिटायला हवा, तो झिरपत राहतो. लेन्सचा नंबर जितका मोठा तितकी ती मध्यभागी जाड असते. त्यामुळे २१ नंबरची लेन्स ज्या कार्ट्रिजमधून लोण्यासारखी जाते, त्याच कार्ट्रिजमध्ये २८ नंबरची लेन्स अडू शकते. मोठ्या नंबरची लेन्स टेबलावर येणार असेल त्या दिवशी एक माप मोठे कार्ट्रिज आणि त्याच मापाचा केराटोम (छेद घेण्याची सुरी) बाजूला काढून ठेवावा.

लेन्स भरताना

लेन्स भरण्याचे काम मायक्रोस्कोपखाली करावे, नुसत्या डोळ्यांनी करू नये. हायड्रोफोबिक लेन्स थंडीत ताठरते. ओटीतील एसी १८ अंशांवर आणि व्हिस्को (डोळ्यात व नळीत भरायचे जेलीसारखे दाट द्रव) फ्रिजमधून नुकतेच काढलेले, अशा स्थितीत लेन्स भरली तर ती नीट दुमडत नाही आणि आत गेल्यावर उघडायलाही फार वेळ घेते. सोडियम हायलुरोनेटचे व्हिस्को थंड जागी ठेवावे लागते हे खरे. पण वापरण्यापूर्वी ते खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

प्रथम कार्ट्रिजच्या नळीत आणि दोन्ही पंखांमधील (उघडमीट होणाऱ्या झडपांमधील) पन्हळीत व्हिस्को भरावे. नळीला आतून जो निसरडा लेप असतो तो ओला झाल्याशिवाय काम करत नाही, म्हणून येथे काटकसर करू नये. मग लेन्स ऑप्टिकच्या कडेला धरून पन्हळीत ठेवावी. ऑप्टिकच्या मध्यभागी चिमटा कधीही लावू नये. लेन्सचे दोन पाय, म्हणजे हॅप्टिक, कोणत्या दिशेला वळलेले आहेत ते येथे पाहून घ्यावे. वरून पाहताना लेन्सची आकृती इंग्रजी 'एस' अक्षरासारखी दिसली तर ती पालथी पडली आहे. 'झेड'सारखी दिसली तर सुलट आहे. एकसंध लेन्सचे दोन्ही पाय ऑप्टिकवर मुडपून घ्यावेत आणि पंख हळूहळू मिटावेत.

पंख मिटल्यावर लगेच प्लंजर लावू नये, क्षणभर थांबून दोन पंखांच्या सांध्याकडे पाहावे. लेन्सची कड तेथे चिमटली असेल तर सांध्यात केसाएवढी चकाकणारी रेघ दिसते आणि पंख पूर्ण मिटल्याचा टिचकीसारखा जो बारीक आवाज येतो तो येत नाही. अशी रेघ दिसली तर पंख उघडून लेन्स पुन्हा ठेवावी. याला अर्धे मिनिट लागते, आणि चिमटलेली लेन्स तशीच ढकलली तर लेन्सही जाते आणि नळीही चिरते. त्यानंतर प्लंजर पुढे आणताना त्याचे टोक ऑप्टिकच्या मागे टेकले आहे की त्याच्यावर चढले आहे, तेही याच वेळी दिसते.

भरलेली लेन्स कार्ट्रिजमध्ये फार वेळ ठेवू नये. लेन्स उत्पादकाने दिलेली वेळेची मर्यादा पाळावी. डॉक्टर आत व्हिस्को भरू लागले की मग लेन्स भरायला घ्यावी, हा क्रम आम्ही पाहिलेल्या शिस्तीच्या ओटींमध्ये कटाक्षाने पाळला जातो. कार्ट्रिज एकदाच वापरावे. ते धुऊन पुन्हा वापरल्याने वाचणारे पैसे आम्हांलाही ठाऊक आहेत, पण आतला लेप एकदा निघून गेला की पुढच्या लेन्सवर ओरखडे उठतात आणि ते ओरखडे रुग्णाच्या दृष्टीच्या वाटेतच येतात.

धुणे

एका रुग्णालयातून 'स्क्रू फिरत नाही, माल सदोष आहे' अशा चिठ्ठीसह आमचा इंजेक्टर परत आला होता. आम्ही तो कोमट पाण्यात बुडवून ठेवला आणि तासाभराने उघडला, तेव्हा आट्यांमध्ये पांढरा, वाळलेल्या खळीसारखा थर निघाला. ते व्हिस्को होते. ओले असताना ते पाण्याने सहज निघते, पण वाळून ऑटोक्लेव्हमध्ये गेले की धातूला चिकटून बसते. अटकणारा स्क्रू ही त्यातली किरकोळ बाब आहे. असा उरलेला थर किंवा साबणाचा अंश पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात गेला तर १२ ते ४८ तासांत डोळ्याच्या पुढच्या भागात तीव्र दाह होऊ शकतो. त्यात जंतूंचा संबंध नसतो, म्हणूनच निर्जंतुकीकरण व्यवस्थित होऊनही तो टळत नाही. त्याला टास (टॉक्सिक अँटिरियर सेगमेंट सिंड्रोम) म्हणतात.

म्हणून शस्त्रक्रिया संपताच, वाट न पाहता, उपकरण डिस्टिल्ड पाण्यात बुडवावे. इंजेक्टर पूर्ण सुटा करावा. नळ्या आणि कॅन्युला (बारीक पोकळ सुया) सिरिंजने आतून धुवाव्यात. सलाइनमध्ये उपकरण भिजत ठेवू नये, कारण त्यातील मिठाने स्टीलला खड्डे पडतात. एन्झाइमचा साबण वापरत असाल तर तो पूर्ण निघेपर्यंत भरपूर पाण्याने धुवावे आणि शेवटचे पाणी निर्जंतुक डिस्टिल्डच असावे. बोअरवेलच्या पाण्याने धुतलेल्या टायटॅनियमवर ऑटोक्लेव्हनंतर पांढुरके ठिपके येतात. 'गंज आला' म्हणून फोन येतात ते बहुधा याच ठिपक्यांबद्दल असतात. टायटॅनियम असे गंजत नाही. ते क्षार असतात.

अल्ट्रासॉनिक यंत्रात टायटॅनियम आणि स्टीलची उपकरणे एकत्र टाकू नयेत, आणि चिमट्यांची टोके एकमेकांना लागणार नाहीत अशी सिलिकॉनच्या चटईवर ठेवावीत. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे चालवावा. ही वेळ तापमान गाठल्यापासून मोजावी. ग्लुटारल्डिहाइडसारख्या द्रावणात डोळ्याची उपकरणे बुडवून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. ती बंद करावी, कारण त्याचा अंश पारपटलाच्या आतील पेशींना घातक ठरतो.

टायटॅनियम की स्टील

इंजेक्टर आणि चिमटे टायटॅनियमचे घ्यावेत. ते वजनाला स्टीलच्या निम्म्याहून थोडेच अधिक भरतात, चुंबकत्व धरत नाहीत, आणि त्यांच्या निळ्या रंगामुळे मायक्रोस्कोपचा प्रकाश डोळ्यावर परावर्तित होत नाही. कात्र्यांना मात्र स्टीलच हवे, कारण टायटॅनियमला स्टीलसारखी धार टिकत नाही. सायनस्की हुक दोन्ही धातूंत मिळतो. रोज अनेक शस्त्रक्रिया असतील तर स्टीलचा स्वस्त हुक घेऊन तो वाकताच बदलणे परवडते.

दुरुस्तीला पाठवताना

उपकरण धुऊन, ऑटोक्लेव्ह करून आणि टोकावर टोपी घालून पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत लेन्सचा प्रकार व नंबर, कार्ट्रिजचे माप आणि नेमके काय घडले ते लिहावे. नुसते 'खराब' लिहिले तर आम्हांला दोष शोधायला अधिक दिवस लागतात. ओरखडा पडलेली लेन्स बाहेर काढावी लागली असेल तर ती टाकून न देता, जंतुरहित करून छोट्या डबीत सोबत द्यावी. ओरखड्याच्या आकारावरून तो चिमट्याचा, प्लंजरचा की नळीचा, हे आम्ही सांगू शकतो, आणि तो आमच्या प्लंजरचा निघाला तर प्लंजर विनामूल्य बदलून देतो. वाकलेले टोक आम्ही एकदा सरळ करून देतो. तेच टोक दुसऱ्यांदा वाकले तर सरळ करत नाही, कारण तिसऱ्या वेळी ते डोळ्याच्या आत तुटण्याचा धोका असतो. अशा वेळी नवीन टोकाचा खर्च आधी कळवून, आपला होकार आल्यावरच काम हाती घेतले जाते.