कॉल आणि मेल: एका फोनात नांदणारी दोन घराणी

२००२ साली कॅनडातल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने ब्लॅकबेरी ५८१० बाजारात आणला. मेल आला की क्षणात दिसायचा आणि अंगठ्यांनी टाइप करून उत्तर देता यायचं. ब्लॅकबेरीवर फोन करण्याची सोयही पहिल्यांदाच आली होती. पण तो कानाला लावून काही ऐकू येत नसे. त्यात बोलण्यासाठी माइक नव्हता, ऐकण्यासाठी स्पीकरही नव्हता. हेडसेटची वायर खोचली तरच बोलणं व्हायचं. आपल्याकडे तेव्हा लोकांच्या खिशात जे नोकिया होते त्यांचं नेमकं उलटं. बोलायला खणखणीत, पण मेलशी बहुतेकांचा संबंधच नाही.

‘रोजचे कॉल आणि मेल, एवढ्यासाठी कोणता फोन घेऊ?’ हा प्रश्न साधा वाटतो. पण कॉल आणि मेल मुळात एका घरातले नाहीत. कॉल टेलिफोन एक्स्चेंजच्या घराण्यातला, मेल कॉम्प्युटरच्या. ही दोन घराणी एका फोनात कशी आली ते कळलं, की दुकानात नेमकं काय विचारायचं तेही कळतं.

कॉलचं घराणं जुनं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते १८८२ मध्ये, कलकत्ता आणि मद्रासच्या बरोबरीने. दोन माणसं बोलत आहेत तोवर त्यांच्यामधली एक वाट फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवायची, हे त्याचं तत्त्व. ते शंभराहून अधिक वर्षं टिकलं. वाटा मोजक्या असल्यामुळे ट्रंक कॉल बुक करून घरातल्या सगळ्यांनी वाट बघत बसायचं. ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एसटीडी, देशात १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली. घरी फोन मिळण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबलेल्या पिढीला पिवळ्या पाटीचा पीसीओ हाच मोठा दिलासा होता.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. भारतातल्या मोबाइल सेवेची सुरुवात त्या कॉलपासून धरतात. मुंबईत त्या काळात बीपीएल आणि मॅक्स टच अशा दोनच कंपन्या होत्या. कॉलचा दर ऐन गर्दीच्या वेळेत मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास, आणि आलेल्या कॉललाही पैसे. त्यामुळे फोन वाजला की लोक नंबर बघायचे, कट करायचे आणि जवळच्या पीसीओवरून उलटा फोन लावायचे. मिस्ड कॉलची आपली सगळी सांकेतिक भाषा या पैशांच्या ओढाताणीतून आली. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मोबाइल खऱ्या अर्थाने सगळ्यांचा झाला. नोकिया ११०० त्याच वर्षी आला. धूळ आत जाऊ न देणारा कीपॅड, वरच्या टोकाला टॉर्च आणि दिवसेंदिवस पुरणारी बॅटरी. जगभरात तो पंचवीस कोटींच्या वर खपला. वीज जाते त्या गावात, शेतावर, रात्रीच्या एसटी स्टँडवर टॉर्च असलेला फोन म्हणजे काय, हे ज्यांनी वापरला त्यांना वेगळं सांगायला नको.

मेलचं घराणं वयाने लहान आणि स्वभावाने वेगळं. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर संदेश पाठवला आणि पत्त्यात @ हे चिन्ह घातलं. इथे कुणासाठी वाट राखून ठेवलेली नसते. संदेश तुकड्यातुकड्यांनी सर्व्हरपर्यंत, म्हणजे मेल साठवणाऱ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो आणि घेणारा येईपर्यंत तिथेच थांबतो. कॉल म्हणजे समोरासमोरची भेट, मेल म्हणजे पोस्टाची पेटी. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ज्योती बसूंचा तो कॉल आणि ही तारीख यांत अवघे पंधरा दिवस आहेत. म्हणजे कॉल आणि मेल आपल्याकडे खिशाच्या दिशेने निघाले ते जवळजवळ एकाच वेळी.

पण सुरुवातीला दोघांचं पटत नव्हतं. इंटरनेट जोडून देणारं मोडेम घरच्या टेलिफोनच्या तारेवरच चालायचं. मुलगा मेल बघायला बसला की घरचा फोन एंगेज, आणि कुणी रिसीव्हर उचलला की इंटरनेट तुटलंच म्हणून समजायचं. परदेशी गेलेल्या मुलांचे मेल वाचायला पुण्या-ठाण्यातले आईवडील सायबर कॅफेत जात; पत्ता बहुधा हॉटमेलचा किंवा रेडिफमेलचा. मजकूर रोमन लिपीतलं मराठी, कारण देवनागरीचे तेव्हाचे फॉन्ट एकमेकांशी जुळत नसत आणि पलीकडच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा दिसे. प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुजेपर्यंत हा त्रास फोनवरही होता. कित्येक हँडसेटवर ‘प्रिय आई’च्या जागी नुसते चौकोन दिसत.

मेल घेण्याच्या दोन पद्धती त्या काळातच पडल्या होत्या, आणि त्यांचा फोनशी थेट संबंध आहे. १९८४ ची पॉप पद्धत: पेटीतलं पत्र काढून घरी न्यायचं, पेटी रिकामी. १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी मांडलेली आयमॅप पद्धत: पत्र पेटीतच राहतं, तुम्ही कुठूनही येऊन वाचा. घरात एकच कॉम्प्युटर असताना पहिली पद्धत चालून जायची. फोनवर मेल यायला लागले तेव्हा मी न समजता पॉप निवडलं होतं. मेल फोनवर उतरत गेले, सर्व्हरवरून पुसले जात राहिले आणि पुढे तो फोन बिघडला तेव्हा वर्षभराचा पत्रव्यवहार त्याच्याबरोबर गेला. त्यात एका वडीलधाऱ्या नातेवाइकांचं शेवटचं पत्र होतं. ती चुटपुट अजून आहे.

दोन्ही घराणी एका यंत्रात नांदवण्याचे प्रयत्न १९९४ पासूनचे. त्या वर्षी आयबीएमचा सायमन आला. टचस्क्रीन, मेल, फॅक्स सगळं होतं, पण बॅटरी तासाभरात मान टाकायची. १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर उघडला की आत कीबोर्ड निघे, वजन मात्र ३९७ ग्रॅम. ब्लॅकबेरीने वेगळा विचार केला. मेल आला का हे फोनने पुन्हा पुन्हा विचारत बसायचं नाही. आला की सर्व्हरनेच तो फोनकडे ढकलायचा. मजकूर आकसून, कुलूपबंद करून, आधी थोडाच भाग पाठवायचा. नेटवर्क मंद असलं तरी हे चालायचं आणि बॅटरीही वाचायची. माझ्या मते मोबाइल मेलच्या इतिहासातली सगळ्यांत मोलाची युक्ती हीच. कीबोर्ड लोकांच्या डोळ्यांत भरला, पण खरं काम मागच्या सर्व्हरचं होतं.

भारतात ब्लॅकबेरी २००४ मध्ये एअरटेलने आणला. नरिमन पॉइंटच्या नि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसांमध्ये तो दिसू लागला. पुढे त्यावरच्या मेसेंजरमुळे कॉलेजच्या मुलांतही गेला. त्याचं कुलूप सरकारलाही उघडता येईना. मेल वाचता आले पाहिजेत अशी मागणी सुरक्षा यंत्रणांनी लावून धरली. ऑफिसच्या मेलची किल्ली ज्या त्या ग्राहक कंपनीकडेच असते, आमच्याकडे नसतेच, हे ब्लॅकबेरीचं उत्तर. २०१० मध्ये सेवा बंद करण्याच्या इशाऱ्यापर्यंत वाद गेला, आणि अखेर कंपनीला मुंबईत सर्व्हर ठेवावा लागला. मेल कुणाकुणाला वाचता येतो, हा प्रश्न आपल्याकडे सार्वजनिक चर्चेत आणला तो या वादाने.

नोकियाचं उत्तर म्हणजे २००८ चा ई७१. पातळ, धातूचा, पूर्ण कीबोर्ड, उत्तम आवाज, भरपूर बॅटरी. फक्त कॉल आणि मेल या दोनच कामांसाठी इतका मन लावून केलेला फोन नंतर माझ्या पाहण्यात नाही. पण वारं फिरलं होतं. २००७ मध्ये अमेरिकेत आलेला आयफोन २२ ऑगस्ट २००८ रोजी भारतात पोचला, किंमत ३१,००० रुपयांपासून. अँड्रॉइडचा पहिला फोनही त्याच वर्षीचा. अँड्रॉइडने आपल्याकडे एक मोठा बदल घडवला. नवा फोन सुरू करताना जीमेलचा पत्ता मागितला जाऊ लागला. कितीतरी लोकांचा पहिला मेल-पत्ता पत्र लिहायला नव्हे, फोन चालू करायला उघडला गेला, बहुधा दुकानदाराच्याच हाताने. पासवर्ड काय ठेवला होता हे आज कित्येक काका-मावशींना सांगता येत नाही, याचं मूळ तिथे आहे.

कॉलच्या बाजूने मोठी उलथापालथ झाली ती ५ सप्टेंबर २०१६ रोजी, जिओ सुरू झाला तेव्हा. मूळ फोरजी तंत्रात जुन्या पद्धतीच्या कॉलला जागाच नव्हती. बाकीच्या कंपन्यांचं सिम असलेला फोन, कॉल आला की, खाली उतरून टूजी-थ्रीजीवर जायचा आणि बोलणं संपलं की परत वर यायचा. जिओकडे खालचे मजलेच नव्हते. तिथे आवाजही मेलसारखाच तुकडे होऊन, डेटा म्हणून जातो. त्यालाच व्होल्टी (VoLTE) म्हणतात. ज्यांच्या फोनवर फोरजी होतं पण व्होल्टी नव्हतं, त्यांना साधा कॉल करायला वेगळं ॲप टाकावं लागलं. एवढी वर्षं मेल कॉलच्या तारेवर आश्रित होता. आता कॉल मेलच्या घरात राहायला आला.

याचा एक फायदा मराठी कानाला लगेच कळतो. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जात असे, आणि ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. म्हणून फोनवर नाव सांगताना ‘स सशाचा, श शहामृगाचा’ अशी फोड करावी लागायची. व्होल्टीचा रुंद पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो. दोन्हीकडे सोय असेल तर साने आणि शाने वेगळे ऐकू येतात. कानाने थोडं कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी हा फरक कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलहून कितीतरी मोठा आहे, आणि दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

२०१९ च्या डिसेंबरात एअरटेलने आणि लगोलग जानेवारीत जिओने वायफाय कॉलिंग सुरू केलं. घरात रेंज येत नाही पण ब्रॉडबँड आहे, तिथे हा उपाय चालतो. चिऱ्याच्या जाड भिंतींच्या कोकणातल्या घरांत तर फारच. मात्र व्होल्टी आणि वायफाय कॉलिंग हँडसेट आणि सिमकंपनी या दोघांनी मिळून चालू करावं लागतं. भाच्याने परदेशातून आणलेल्या फोनवर ते चालेलच असं नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला तर २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. भेट म्हणून आलेला फोन आजोबांवर जुनं सिम हातात घेऊन बसण्याची वेळ आणू शकतो.

मेल उशिरा येण्यामागेही इतिहास आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन पडून राहिला की मागे चालणारी ॲप झोपवली जातात, आणि काही कंपन्या बॅटरी टिकावी म्हणून त्याहून कडक वागतात. मग दुपारचा मेल संध्याकाळी स्क्रीन उघडल्यावर दिसतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये मेलच्या ॲपला मोकळीक दिली की बहुतेकदा हे सुटतं. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये साधं जीमेल खातं जोडलं तर ते ठरावीक वेळाने जाऊन बघतं, कारण ढकलून मेल देण्याची जुनी सोय गूगलने २०१३ मध्ये नव्या खात्यांसाठी थांबवली. जीमेलचं वेगळं ॲप घेतलं की मेल लगेच येतो.

आणि २०२२ मध्ये दोन दारं बंद झाली. ४ जानेवारीला ब्लॅकबेरीने आपल्या जुन्या फोनांची सेवा संपवली. त्यानंतर त्यांवर मेलच काय, कॉलचाही भरवसा उरला नाही. मे महिन्याच्या अखेरीस गूगलने नुसत्या पासवर्डवर जीमेल उघडणाऱ्या जुन्या ॲपना प्रवेश थांबवायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनेही ऑफिसच्या मेलसाठी तेच केलं. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं. पण धडधाकट चालणारे कितीतरी जुने फोन त्यामुळे मेलला मुकले. ई७१ ची बॅटरी आजही बदलून मिळेल, त्यातलं सॉफ्टवेअर कोण बदलून देणार? फोन किती वर्षं अपडेट होत राहणार, हा मेल वापरणाऱ्याचा पहिला प्रश्न झाला तो इथून. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या सॅमसंग एस२४ ला सात-सात वर्षांची हमी मिळाली. स्वस्त फोनांत हा आकडा खोक्यावर सहसा छापलेला नसतो, विचारून घ्यावा लागतो.

गेल्या वर्षी आईसाठी फोन घेताना मी तिचंच सिम बरोबर नेलं. दुकानात ते घालून मावशीला फोन लावायला सांगितलं आणि बोलताना वरच्या पट्टीवर व्होल्टीची खूण दिसते का ते पाहिलं. मग माझ्या फोनवरून तिला एक मेल पाठवला, तिचा फोन स्क्रीन बंद करून काउंटरवर ठेवला आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो. दुकानदार कॅमेरा दाखवायला उत्सुक होता. मेल वाजला तेव्हा आईनेच फोन उचलला, अक्षरं मोठी करून घेतली आणि वाचून दाखवलं, देवनागरीत, एकही चौकोन न येता.